गाठीशी काय आहे?

दिवाळीची साफसफाई निघाली, की आमच्या माळ्यावरून जुन्या वस्तूंची वरात खाली उतरते. पुढे पोचे पडलेल्या पितळी घागरी, मधे माझ्या वडिलांची शाळेची पेटी, आणि सर्वांत शेवटी आजोबांचे गाठोडे. दरवर्षी ते खाली येते, झटकले जाते आणि न सोडताच पुन्हा वर जाते. यंदा मात्र माझ्या बारा वर्षांच्या मुलाने त्याची गाठ सोडली.

आत घोंगडीचा एक तुकडा निघाला. दुधी भोपळा वाळवून केलेला पाण्याचा तुंबा निघाला. एक कातडी बटवा निघाला आणि त्या बटव्यात सुई, दोऱ्याची गुंडी, खडखडीत वाळलेले हळकुंड, कसलीशी मुळी, एक पोलादाचा वाकडा तुकडा, एक पांढरी गारगोटी आणि काळवंडलेल्या कापसाने भरलेली बांबूची नळी.

"बाबा, हा दगड कशाला?"

"ती चकमक आहे."

"चकमक? ती तर पोलीस आणि नक्षलवाद्यांची होते ना?"

मी हसलो खरा, पण त्याचे काय चुकले? आमचा भंडारा जिल्हा, शेजारचा गोंदिया, पलीकडे गडचिरोली. या मुलखातल्या मुलाने 'चकमक' हा शब्द वर्तमानपत्रातच वाचला. दगडावर पोलाद आपटून ठिणग्या उडाव्यात तशा दोन टोळ्या एकमेकींवर आदळल्या, म्हणून लढाईला चकमक म्हणू लागले. पुढे दगड गेला, पोलाद गेले, लढाई तेवढी राहिली.

असे शब्द आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. वक्ते आयुष्याची शिदोरी देतात. पण शिदोरी म्हणजे फडक्यात बांधलेली भाकर-चटणी, हे व्यासपीठावर कुणाच्या ध्यानात नसते. 'गाठीशी दोन पैसे असावेत' असे आपण म्हणतो. ती गाठ एके काळी खरोखरीच धोतराच्या सोग्याला किंवा लुगड्याच्या पदराला मारलेली असे. वाटेत रात्र झाली, नदीला पूर आला, काटा रुतला, चूल विझली, तर तगून राहायला जे लागे ते सारे माणसाच्या अंगावर नाही तर गाठोड्यात असे. हल्ली शहरांत 'आपत्कालीन पिशवी' या नावाने जी वस्तू विकत मिळते, तिचे हे मूळ घराणे. या घराण्याचा थोडा इतिहास आज सांगावासा वाटतो. त्याला कारण केवळ माळ्यावरचे गाठोडे नव्हे. एका पुराच्या रात्री मी स्वतः अगदी रिकाम्या हाताने घराबाहेर पडलो होतो, ते आहे. पण ती गोष्ट तिच्या जागी येईल.

आजोबा तेंदूपत्त्याच्या फळीवर मुन्शी होते. भंडारा म्हणजे विड्यांचा जिल्हा आणि विडी म्हणजे तेंदूचे पान. उन्हाळा तापला, की पहाटे माणसे रानात पाने तोडायला जात आणि त्यांची पुडकी मोजून घेण्यासाठी आजोबा महिना-दीड महिना जंगलात मुक्काम ठोकीत. त्याआधी मार्च-एप्रिलात मोह गळे. मोहाचे फूल पहाटे झाडाखाली पडते आणि उजाडताच वेचावे लागते. अंधूक उजेड, वाकलेले माणूस आणि त्याच फुलांना चटावलेले अस्वल, हा प्रसंग झाडीपट्टीला नवा नाही. आजही नागझिरा, कोका या रानांत वाघ आहेत, आणि मोहाला, तेंदूला गेलेले माणूस संध्याकाळी परत येईपर्यंत घरच्यांचे डोळे वाटेकडे असतात.

आजोबांच्या काठीला घुंगरे होती. टपालाचे हरकारे पूर्वी घुंगरांची काठी वाजवीत रान ओलांडत, त्यांच्याकडूनच ही युक्ती सगळ्यांनी उचलली असावी. रानातल्या जनावराला माणसाशी भांडायचे नसते. अवचित गाठ पडली की ते उठते. म्हणून आपण येत आहोत हे त्याला आधी कळवावे. एवढ्याशा घुंगरात केवढे शहाणपण!

तीच गोष्ट चकमकीची. ठिणगी दगडाची असते असे मी कितीतरी वर्षे समजत होतो. ती खरे तर पोलादाची. गारगोटीची धार पोलादाचा सूक्ष्म कण खरवडून काढते, आणि घर्षणाने तापलेला तो कण हवेत जळतो. पण अशी ठिणगी लाकडाला लावली तर विझते. तिला झेलायला आधी थोडासा जाळून घेतलेला सावरीचा कापूस लागतो. म्हणजे विस्तव करायचा तर पोलाद, दगड, कापूस, कोरडी नळी आणि सवयीचा हात, ही पाचही जुळून आली पाहिजेत. यातले एक चुकले, की रात्र काळोखात. १८२७ साली इंग्लंडात जॉन वॉकर नावाच्या औषधविक्याने घासताच पेटणारी काडी विकायला काढली, नंतर स्वीडनची सुरक्षित काडी आली, १९२० नंतरच्या दशकात आपल्या अंबरनाथलाही आगपेट्यांचा मोठा कारखाना निघाला. काडी आली आणि पाच गोष्टींची एक गोष्ट झाली. सोय मोठीच झाली. पण पावसात भिजलेली काडीपेटी आजोबांच्या चकमकीपुढे काय कामाची? म्हणून खिशात काडीपेटी आल्यावरही त्यांनी बटव्यातली चकमक काढली नाही.

आता आजोबांच्या या बटव्याचा एक थोरला भाऊ पाहा. १९९१ च्या सप्टेंबरात आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवर, दोन गिर्यारोहकांना बर्फात एक प्रेत दिसले. अलीकडेच कुणी गिर्यारोहक मेला असेल असे प्रथम वाटले. तपास झाला तेव्हा कळले, की हा गृहस्थ सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा आहे. पुढे त्याला ओत्झी असे नाव पडले. त्याच्या कमरेच्या बटव्यात गारेची पाती होती, हाडाची आरी होती आणि ठिणगी झेलणारी वाळलेली अळंबी होती. भूर्जाच्या सालीच्या डब्यात हिरव्या पानांत गुंडाळलेला कोळसा होता. जळता निखारा एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी न्यायचा तो डबा. चामड्याच्या वादीत ओवलेले दुसऱ्याच एका अळंबीचे तुकडे होते. ते औषधाचे असावेत असा तर्क आहे. ना त्याला आमची भाषा ठाऊक, ना आम्हांला त्याची. पण आजोबांचा बटवा त्याच्यापुढे ठेवला असता तर प्रत्येक वस्तू त्याने उचलून ओळखली असती.

मौज अशी की, इतकी तयारी असूनही ओत्झी थंडीने किंवा भुकेने मेला नाही. त्याच्या खांद्यात बाणाचे टोक सापडले. कुणीतरी पाठीमागून मारले होते. माणसाच्या वैरावर कुठल्याच बटव्यात औषध नसते.

गाठोडे आणि माणुसकी यांचे हे नाते आपल्या इतिहासातही दिसते. तेराव्या शतकात या झाडीत चक्रधरस्वामी फिरले. 'लीळाचरित्रा'त भंडाऱ्याच्या निळभट्टाची हकीकत आहे. स्वामींच्या मागे तो घरदार सोडून निघाला. महानुभावांचा आचार म्हणजे नित्य अटन आणि भिक्षेचे भोजन. उद्यासाठी काही बांधून ठेवायचे नाही. हा बैराग्याचा मार्ग. गाठीशी काहीच नसणे हीच तिथे गाठ. पण नीट पाहिले तर तो गावावर उभा होता. दारोदार कुणाच्या तरी चुलीवर एक घास जास्तीचा शिजत होता, म्हणून झोळी रिकामी ठेवणे शक्य होते.

दुसरे टोक मराठी घोडेस्वाराचे. बाजीराव पेशव्याची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. निजामाने त्याचे चित्र काढून आणायला चित्रकार धाडला. त्याने चित्र आणले ते घोड्यावर बसून ज्वारीचे कणीस हातावर चोळून दाणे तोंडात टाकणाऱ्या शिपायाचे! मराठ्यांच्या वेगाचे इंगित त्या चित्रात आहे. सामानाचे ओझे नाही, तंबूंचा लबेदा नाही. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. पण ते कणीस कुणाच्या शेतातले, हे कुणी विचारीत नाही. १७४२ पासून आमच्याच नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करू लागल्या. तिथल्या आया मुलांना निजवताना अजूनही बर्गी आल्याचे भय घालतात. ते बर्गी म्हणजे आपले बारगीर. आपल्या गाठीला काही न बांधता निघालेला स्वार दुसऱ्याची गाठ सोडतो. आजोबांचे गाठोडे मला म्हणूनच निर्मळ वाटते. त्यात एकही दाणा दुसऱ्याच्या तोंडचा नव्हता.

एवढे वाचून वाचकांना वाटेल, की हा मास्तर जुन्याचे गोडवे गायला बसला आहे. तसे नाही. आता जी गोष्ट सांगतो ती त्या गाठोड्याच्या विरुद्ध आहे.

माझे पणजोबा जत्रेहून पायी परत येताना पटकीने वाटेतच गेले. आजोबा तेव्हा पोरवयाचे होते, बरोबर होते. गाठोडे आंब्याच्या फांदीला टांगलेले होते. त्यात गूळ होता, मिठाची पुडी होती. शेजारी तुंबाभर पाणी होते. पणजोबा पाणी मागत राहिले आणि बरोबरची मोठी माणसे ते नाकारीत राहिली. पटकीच्या रोग्याला पाणी दिले की उलटी-जुलाब वाढतात, अशी सगळ्यांची समजूत. म्हातारपणीही आजोबा ही गोष्ट सांगताना 'त्यांनी पाणी मागितले होते' या वाक्यापाशी थांबत.

१८१७ साली बंगालातल्या जेसोरकडून पटकीची मोठी साथ उठली आणि वर्षभरात तिने दख्खन गाठले. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे तिने दुष्काळ आणि जत्रा यांची पाठ सोडली नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्यप्रांतातली माणसे वाळलेल्या मोहफुलांवर, कंदमुळांवर जगली. भूक त्यांनी रानाच्या आधाराने मागे सारली, आणि पटकीने त्यांना गाठले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात रोगाचे जंतू दाखवले. तरी खेड्यातल्या रोग्याच्या हाती काही आले नाही. शिरेतून मीठपाणी चढवायला सुई हवी, बाटली हवी, डॉक्टर हवा.

हा फास सुटला तो पुन्हा बंगालातच. १९७१ साली पूर्व बंगालातून लक्षावधी निर्वासित सीमेवरच्या बनगावला आले. छावणीत पटकी फैलावली. डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करवल्या, पिंपात पाणी कालवले आणि ते रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती देऊन 'पाजत राहा' म्हणून सांगितले. छावणीत मरणारांचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते ४ च्या खाली आले. साखरेचा कण आतड्यातून आत जाताना मिठालाही बरोबर नेतो आणि त्यांच्यामागून पाणी शरीरात शिरते. नुसते पाणी वाया जाते, नुसते मीठही जाते, पण तिघे एकत्र आले की माणूस वाचतो. पुढे १९८० नंतर बांगलादेशात घरोघर जाऊन बायांना हेच शिकवले गेले. माप कसले, तर मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट मीठ आणि अर्धा शेर पाणी.

मूठभर गूळ आणि चिमूटभर मीठ! पणजोबांच्या डोक्यावरच्या फांदीला हेच टांगलेले होते. औषध हाताच्या अंतरावर होते. नव्हते ते ज्ञान.

आता माझी रात्र सांगतो. २०२० चा ऑगस्ट संपत आला होता. घरोघर गणपती बसलेले, महालक्ष्म्या उठून दोन दिवस झालेले. कोरोनामुळे शाळा मार्चपासून बंद होत्या. वर मध्य प्रदेशात वैनगंगेच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, संजय सरोवराचे पाणी सुटले आणि नदी फुगली. आमच्या गावात पाऊस ओसरलेला होता. म्हणूनच आम्ही गाफील राहिलो. संध्याकाळी पाणी बोडीच्या पाळीला लागले, आणि अंधार पडता पडता ते अंगणात आले.

त्या घाईत प्रत्येकाने काय उचलले, ते ऐकण्यासारखे आहे. बायकोने मुलाला आणि जमिनीच्या कागदांना. मुलाने आपल्या मातीच्या बैलाला. आणि मी, गावचा मास्तर, बालवीरांना 'सदा तयार' शिकवणारा, काय घेऊन निघालो? माझ्या अर्धवट कादंबरीचे बाड! विजेरी खुंटीवर राहिली. भ्रमणध्वनी होता, पण त्याचा जीव रात्री नऊलाच गेला.

शाळेच्या वरच्या मजल्यावर चाळीस-पन्नास माणसे जमली. छतावरच्या टाकीत पाणी होते, पण शाळा बंद असल्याने स्वयंपाकघरात तांदळाचा दाणा नव्हता. कुणी पदराने तोंड झाकलेले, कुणी गमछाने. मध्यरात्रीच्या सुमारास एका तीन वर्षांच्या मुलीला उलट्या-जुलाब सुरू झाले. पहाटेपर्यंत तिचे डोळे खोल गेले, ओठ सुकले, रडताना आसवे येईनात. मुलगी पाणी मागत होती.

कोपऱ्यात ढिवरटोलीतल्या एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पानी नोका पाजू मास्तर, आनखी उलटी होयेल."

माझ्या अंगावर काटा आला. शंभर वर्षांपूर्वीचे ते आंब्याचे झाड जणू शाळेच्या वऱ्हांड्यात उभे राहिले. काय करायचे ते मला ठाऊक होते. वर्गात दरसाल शिकवीत होतो, मीठ-साखरेचे प्रमाण फळ्यावर लिहून देत होतो. पण हातात मीठ नव्हते, साखर नव्हती, विस्तव नव्हता. हातात कादंबरी होती.

"आजी, थोडे मीठ असते तर..." मी नुसताच पुटपुटलो.

आजींनी मांडीखालचे गाठोडे पुढे ओढले. श्रावण लागला की त्या ते बांधून दाराशी ठेवीत. नदीकाठी जन्म गेलेला, पूर त्यांना पाहुणा नव्हता. आत पोहे होते, गुळाचा खडा होता, मिठाची पुडी होती, एक भगुले होते आणि झाकणाच्या डबीत, मेणकापडात गुंडाळलेली कोरडी काडीपेटी होती. "घ्या मास्तर," त्या म्हणाल्या, "काय लागते ते घ्या."

मोडक्या बाकाची लाकडे पेटवली. टाकीचे पाणी उकळून निववले, त्यात गूळ आणि मीठ कालवले, आणि आसवांपेक्षा खारट लागत नाही ना हे चाखून पाहिले. चमच्याचमच्याने आईने पाजायला सुरुवात केली. पहिले दोन चमचे उलटून पडले. आजींनी माझ्याकडे पाहिले; मी मान खाली घातली, पण "पाजत राहा" म्हणालो. तिसरा ठरला, चौथा ठरला. उजाडले तेव्हा मुलगी रडली आणि तिच्या गालावर आसू ओघळले. आसू पाहून पन्नास माणसांना आनंद झाल्याचे मी आयुष्यात तेवढे एकदाच पाहिले. दुपारी नाव आली आणि तिला दवाखान्यात नेले. आता ती माझ्याच शाळेत येते.

त्या रात्री गाठोडे आजींचे होते आणि माप माझे. एकट्या गाठोड्याने ती वाचली नसती, एकट्या मापानेही नाही. इतिहासातून मला एवढेच उमगले आहे. जुन्या माणसांजवळ वस्तू होत्या आणि त्यांच्या काही समजुती जीवघेण्या होत्या. आपल्याजवळ ज्ञान आहे आणि हात रिकामे आहेत.

आता आमच्या दाराशी खुंटीला एक पिशवी असते. तिच्यात काही अप्रूप नाही. पाण्याच्या दोन बाटल्या. पोहे, गूळ, शेंगदाणे, मीठ. क्षारपाण्याच्या चार पुड्या. झाकणाच्या बाटलीत काडीपेटी. विजेरी आणि तिचे सुटे मसाले. दोर, चादर, चाकू, सुई-दोरा. घरातल्यांची नेहमीची औषधे. मेणकापडात कागदपत्रांच्या नकला आणि थोडे सुटे पैसे. ११२ आणि १०८ हे क्रमांक आणि नातलगांचे क्रमांक कागदावर लिहिलेले, कारण यंत्राचा जीव गेला की त्याच्या पोटातले क्रमांकही जातात. आणि शाळेची शिट्टी. हाक मारणारा घसा बसतो, शिट्टी बसत नाही.

बटव्यातली ती मुळी मात्र मी पिशवीत ठेवली नाही. आजोबा ती सापाच्या विषावर म्हणून बाळगीत. पुरात साप कोरड्या जागी चढतात, म्हणून ही गोष्ट मुलाला मुद्दाम सांगितली: सर्पदंशावर पिशवीत काहीही नसते. कापायचे नाही, आवळून बांधायचे नाही, पाय हलवायचा नाही आणि थेट दवाखाना गाठायचा. घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेली लस मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी तयार होते, मुळी-मंत्राने तिचे काम होत नाही. कोणती गोष्ट पिशवीत नसते हे ठाऊक असणे, हीसुद्धा तयारीच.

पिशवी भरणे सोपे. ती भरलेली ठेवणे अवघड. पोह्यांना जाळी लागते, गूळ पाझरतो, औषधांची तारीख उलटते. म्हणून आमच्या घरात वर्षाचा एक दिवस ठरला आहे, धनत्रयोदशी. नाही तरी तो धन्वंतरीचा दिवस आणि त्या दिवशी नैवेद्य धने-गुळाचा. पूजा झाली की पिशवी खाली येते. जुने पोहे चिवड्यात जातात, नवे भरले जातात. औषधांच्या तारखा मुलगा वाचतो, विजेरी लावून पाहतो. मग आजींच्या घरी फराळाचे ताट जाते, त्यात गुळाची एक ढेप न चुकता असते.

यंदा मुलाने आजोबांची चकमकही झाडून पाहिली. ठिणग्या उडाल्या, पण कापूस पेटला नाही. त्याला हाताची सवय लागते आणि ती आजोबांबरोबर गेली. शेवटी पणती काडीनेच लावली. तरी "बाबा, उद्या पुन्हा करून बघू," असे तो म्हणाला आहे. कापूस उन्हात ठेवला आहे.

वाचकहो, फराळ सावकाश होऊ द्या. मात्र हा अंक खाली ठेवल्यावर एकदा दारामागच्या खुंटीकडे पाहा, आणि घरातल्या मुलांना विचारा: आज रात्री निघावे लागले, तर आपल्या गाठीशी काय आहे?